दसऱ्याची हवा

सोमवार, १२ नोव्हेंबर १९५६

मुंबई कोणाची हा प्रश्न दिल्लीकर सोडवतील तेव्हा सोडवोत. माझ्यापुढचा प्रश्न अधिक निकडीचा आहे आणि त्यासाठी अद्याप एकही समिती स्थापन झालेली नाही. प्रश्न तपकिरीचा आहे. आज ठाकुरद्वारहून बोरीबंदरपर्यंत आमच्या मोटारीतून गेलो. तेवढ्यात डबीचे झाकण तीनदा आपसूक उघडले. थोडी तपकीर माझ्या धोतरावर, थोडी कमलाकांतदादाच्या कोटावर आणि उरलेली आम्हा दोघा भावांच्या डोळ्यांत. द्वैभाषिक राज्य येऊन बारा दिवस झाले, त्यानेही मला एवढे रडवले नव्हते.

गाडी वडिलांची. १९५० सालची अमेरिकन, जहाजाएवढी, आत कातडी गाद्या. वडील गेल्यावर ती आम्हा दोघांत सामाईक. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, त्रिलोकेकरांचे बरे चालले आहे. आत बसणारा सुपातल्या तांदळासारखा उडत असतो.

दादाला म्हटले, "एवढी कडक का रे?"

"कडक आहे म्हणून रुबाबात उभी राहते. टायर बसलेली गाडी म्हणजे पेन्शनीत निघालेला माणूस."

या रुबाबाची दोन कारणे. तीन वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी गटाराच्या फरशीला गाडीचे पोट घासले, म्हणून दादाने मूळची पंधरा इंची चाके उतरवून सोळा इंची, उंच नि अरुंद चाके चढवली. दुसरे कारण दसरा. आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्रे नाहीत म्हणून दसऱ्याला मोटार पुजतात. पूजेआधी चारी चाकांत इतकी हवा भरायची की टिचकी मारल्यावर ती घागरीसारखी वाजली पाहिजेत. ती हवा संक्रांतीपर्यंत काढायची नाही. कमी झाल्यास भरावी, पण काढू नये. पुजलेल्या चाकातून हवा सोडली तर लक्ष्मी जाते, असा वडिलांचा दंडक. आमच्याकडून ती कधीच गेली आहे, पण पत्ता ठेवून गेली असावी अशी दादाची समजूत.

असो. साप्ताहिकातल्या सदराला विषय मिळाला.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

आज सदर नाही.

सकाळी सुमती भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "अहो, उजव्या डोळ्यात खालून काळं चढतंय." तिचा डावा डोळा लहानपणीच देवीत गेला. जे काही जग आहे ते उजव्यात आहे.

परळच्या डॉक्टरांकडे नेली. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटू लागला आहे. तोवर घरीच दोन्ही डोळे बांधून उताणे पडून राहायचे, मान हलवायची नाही. खाट रिकामी नाही आणि त्यांच्याकडे लवकरची तारीखही नाही. सात डिसेंबरला सकाळी शस्त्रक्रिया करतील, नऊ तारखेला ते सहा महिन्यांसाठी परदेशी चालले. म्हणजे सात तारीख ही एकच तारीख.

"आणाल तेव्हा धक्का न लागता आणा," ते म्हणाले. "ॲम्ब्युलन्सच्या स्प्रिंगा लॉरीच्या असतात. तुमच्याकडे मोठी गाडी आहे ना?"

मी मोठ्या ऐटीत हो म्हणालो.

परत येताना लालबागला ट्रामच्या रुळांच्या सांध्यावर मोठी गाडी आदळली. सुमतीने माझे मनगट धरले. हळूच म्हणाली, "आणखी वर आलं."

तिने एवढेच म्हटले. दादा पुढे बसून गाडी हाकत होता, त्याला ऐकू गेले नाही. मी सांगितलेही नाही.

रविवार, १८ नोव्हेंबर

एकोणीस दिवस आहेत. तेवढ्यात या गाडीला माणसात आणायची, हे ठरले.

आज मागच्या सीटवर दोन गाद्या, चार उशा आणि दादाचा लोकरीचा ओव्हरकोट पसरून वर मी आडवा झालो. दादाने गाडी भायखळ्यापर्यंत नेली. पहिल्याच खड्ड्यात मी गाद्यांसकट उडालो. उशी कितीही मऊ असली तरी खालून लाथ बसणारच. हे राजकारणात मला पूर्वीच कळायला हवे होते.

मंगळवार, २० नोव्हेंबर

लालबागला मसाला कांडपाच्या शेजारी टायर जोडण्याचे एक दुकान आहे. तिथे गेल्यावर तपकिरीची गरज पडत नाही. दुकानात बुधाजी कासारे नावाचा चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस काम करतो. राहतो वरळीला, बीडीडी चाळीत.

"हवा किती आहे?" त्याने विचारले.

"दसऱ्याची."

"दसऱ्याची म्हणजे किती पौंड?"

मला सांगता येईना. त्याने खिशातून पितळी गेज काढला, चारी चाकांना लावून पाहिला आणि कमरेवर हात ठेवून गाडीभोवती एक चक्कर मारली.

"बेचाळीस. साहेब, गाडीत माणसं बसवता का दगड?"

मी सुमतीचे सांगितले. मग त्याचे बोलणे बदलले. उकिडवा बसून त्याने मला चाक दाखवले. रस्त्याचा पहिला धक्का टायरने खायचा, उरला तर स्प्रिंगने. लोखंडी रिंग मोठी झाली की भोवतीचे रबर बारीक होते, मग धक्का खायला टायरला पोटच राहत नाही. त्यात बेचाळीस पौंड.

"मग काढून टाक सगळी हवा," मी म्हणालो.

"सगळी काढली तर होडीसारखी डोलते. बाईंना धक्का नको तसा हिंदोळाही नको. मध्ये कुठेतरी एक आकडा असतो. दर गाडीचा निराळा, आत माणूस किती वजनाचा त्यावर निराळा. शोधावा लागतो."

"तुला हे कसे ठाऊक?"

"लढाईत ॲम्ब्युलन्स होती माझ्याकडे. ब्रह्मदेशात. पोटात गोळी लागलेला माणूस आणि रस्ता नावालाच. हवा उतरवून न्यायचो, पोचलो की परत भरायचो."

मी थट्टेने म्हटले, "दसऱ्याला तू भेटायला हवा होतास."

"दसऱ्याला मी नागपूरला होतो," तो म्हणाला.

कशाला गेला होता, हे विचारण्याची गरज नव्हती. आम्ही चाकाला झेंडू वाहत होतो त्या दिवशी त्याच्या लाखो लोकांनी धर्म बदलला. सात तारखेला तूच गाडी चालव, म्हटले. त्याने दोन बोटे कपाळाला लावली आणि "आलो समजा" म्हणाला.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

घरात महाभारत. मूळची पंधरा इंची चाके पुन्हा चढवायची नि दसऱ्याची हवा सोडायची, हे ऐकून दादा जेवता जेवता उठला.

"वडिलांनी संक्रांतीआधी कधी हवा काढली नाही. अडतीस साली आधीच्या गाडीची ड्रायव्हरने दिवाळीत काढली, दुसऱ्या वर्षी लढाई सुरू झाली."

"जर्मनीला आपल्या चाकांची खबर होती हे मला ठाऊक नव्हते."

"तुला सगळ्याची टिंगल सुचते."

आतल्या खोलीतून सुमतीचा आवाज आला. डोळे बांधलेले, मान सरळ, आवाज मात्र शाबूत. "दादा, लक्ष्मी चाकात आहे का घरात, ते दोघं मिळून एकदा ठरवा. चाकात असेल तर मी राहते इथेच पडून."

दुपारी पाहतो तर दादा, साठीचा गृहस्थ, गराजच्या माळ्यावर चढून जुनी चाके खाली सोडतो आहे. तीन माळ्यावर होती, चौथे मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपाखाली सापडले. मग त्याने चपला काढल्या, गाडीच्या एकेका पुजलेल्या चाकाला हात लावून कपाळाला लावला आणि आगपेटीच्या काडीने हवा सोडली. ती सुटेपर्यंत डोळे मिटून उभा होता. लक्ष्मी कुठल्या दिशेने गेली ते पाहायचे नसावे.

मला हसू यायला हवे होते.

रविवार, २५ नोव्हेंबर

बुधाजी पहाटे आला. हवा नेहमी थंड चाकात मोजायची, म्हणतो. चाक उन्हात उभे राहिले किंवा दोन-चार मैल धावले की आतली हवा फुगते आणि गेज खोटे बोलतो. पुढाऱ्यांचेही असेच होते, असे मी म्हणालो. तो हसला नाही. कामात असला की तो हसत नाही.

मागच्या सीटवर काठोकाठ पाण्याने भरलेली परात ठेवली आणि गाडी दहा मैलांच्या वेगाने लालबागपर्यंत नेली. तीस पौंडांवर थेंब उडून काचेवर गेले. वीस पौंडांवर धक्का नाही, पण गाडी वळणावर कलली आणि निम्मे पाणी माझ्या मांडीत.

"होडी," बुधाजी म्हणाला.

"मला पोहता येत नाही," मी म्हणालो. या वेळी हसला.

बुधवार, २८ नोव्हेंबर

मागे सव्वीस, पुढे चोवीस. परातीतले पाणी काठाशी थरथरले, पण बाहेर पडले नाही.

तरी माझे समाधान होईना. पाण्याला भीती वाटत नाही. म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून मीच परातीच्या जागी आडवा झालो. डोळे बांधले की खड्डा यायच्या आधीच अंग चोरते, हे आज कळले. सुमती बारा दिवस अशी पडून आहे आणि मी रोज तिच्या उशाशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवतो, म्हणजे फार करतो असे मला वाटत होते.

लालबागला हवालदाराने गाडी थांबवून आत डोकावले. "मयत आहे काय?"

"नाही, लेखक आहे," बुधाजी म्हणाला.

हवालदाराने जाऊ दिले.

रूळ कसे ओलांडायचे तेही बुधाजीने शोधले आहे. सरळ नाही, तिरके जायचे, म्हणजे चारी चाके एकदम आदळत नाहीत. मोठ्या मुश्किलीने मलाही दोनदा चालवू दिली. मला गाडी चालवता येते, याहून अधिक काही म्हणणे धाडसाचे ठरेल.

गुरुवार, ६ डिसेंबर

दुपारी दिल्लीहून बातमी आली. डॉ. आंबेडकर गेले. गिरगावात दुकाने बंद होऊ लागली. पहाटे त्यांना मुंबईला आणणार, उद्या दादरला अंत्यविधी.

बुधाजी उद्या येणार नाही, हे मी धरून चाललो आहे. त्याला बोलावणे पाठवायचे नाही, एवढी अक्कल मला आहे. दादाला रूळ तिरके घेण्याचा सराव नाही. म्हणजे मीच. संध्याकाळभर गाडीत बसून क्लच दाबत होतो. सुमतीने विचारले, "कोण चालवणार?" मी म्हणालो, "मी." ती गप्प राहिली. बावीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या बोलण्याला दिलेली ही सर्वांत वाईट दाद.

शुक्रवार, ७ डिसेंबर

पहाटे साडेपाचला गराजचे दार वाजले. बुधाजी. पांढरा सदरा, पांढरे धोतर, डोळे सुजलेले.

मला काही बोलायचे होते. तो म्हणाला, "हवा बघून घेतो," आणि खाली बसला.

मी वाळूच्या पिशव्या आणायला वर गेलो. सुमतीला दादाने आणि बुधाजीने गादीसकट उचलून आणले होते, तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना त्या पिशव्या लावल्या. निघालो.

भायखळ्यापासून पुढे रस्ता माणसांनी भरलेला. सगळी दादरच्या बाजूला चाललेली, पांढऱ्या कपड्यांत, बाया कडेवर मुले घेऊन, पण आवाज नाही. एवढ्या मुंबईत मला फक्त पावले ऐकू येत होती. गाडी पुढे सरकेना. बुधाजीने काच खाली केली आणि शेजारून चालणाऱ्याला हळू म्हणाला, "दादा, डोळ्यांचं पेशंट आहे. धक्का नको."

त्याने पुढच्याला सांगितले, त्याने त्याच्या पुढच्याला. शब्द आमच्यापुढे चालत गेला आणि माणसे कडेला होत गेली. लालबागच्या त्याच सांध्यापाशी चार जणांनी खांद्यावरची कांबळी काढून रुळांवर टाकली. गाडी वरून गेली. मी मागे वळून पाहिले, ते कांबळी झटकून पुन्हा चालू लागले होते.

सुमती म्हणाली, "लालबाग आलं की सांगा." मी म्हणालो, "गेलं."

साडेसातला पोचलो. डॉक्टर गर्दीत अडकलेले. बुधाजीने विचारले, "किती वेळ लागेल, साहेब?"

"सांगता येत नाही. काही उलटसुलट झाले तर तिला परत न्यावे लागेल. तू गाडीपाशीच थांब," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला.

डॉक्टर अकराला आले. मी दोनदा खिडकीतून पाहिले, बुधाजी फाटकापाशी रस्त्याकडे तोंड करून उभा होता. त्याच्यामुळे मला फार धीर वाटला. अडीचला शस्त्रक्रिया नीट झाल्याचे कळले तेव्हा बाहेर जाऊन सांगितले.

"चांगलं झालं," तो म्हणाला. गेज माझ्या हातात ठेवला. "हा राहू द्या तुमच्याकडे. रोजच्याला तीस भरा." आणि वळून चक्क पळत सुटला. अंत्ययात्रेला वाटेत कुठेतरी गाठेल, असे मी मनाशी म्हटले आणि आत गेलो.

शनिवार, ८ डिसेंबर

डॉक्टर समाधानी. पट्टी सत्तावीस तारखेला निघेल. तोवर दिसेल की नाही, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, म्हणाले. डॉक्टर देवावर ढकलू लागले की मला धास्ती वाटते. पट्टी त्यांचे सहकारी काढतील.

बुधवार, १२ डिसेंबर

आज सुमतीला बोलायची परवानगी मिळाली. पहिला प्रश्न: "बुधाजी पोचले का वेळेवर?"

"कुठे?"

"त्यांच्या आईला शेवटच्या दर्शनाला न्यायचं होतं. चालता येत नाही त्यांना. तुम्ही पिशव्या आणायला वर गेलात तेव्हा म्हणाले, बाईंना सोडून आठपर्यंत वरळीला जातो, आई नेसून बसलीय."

"मला नाही बोलले ते."

"तुम्हाला कशाला बोलतील? मला वाटलं, पोचल्यावर तुम्ही त्यांना सोडलं असेल."

तिचे डोळे बांधलेले होते, त्याचा मला पहिल्यांदाच आधार वाटला.

रविवार, १६ डिसेंबर

वरळीला गेलो. बीडीडी चाळ, तिसरा मजला. बुधाजीची बायको राधाबाई दारात होती. मी कोण ते सांगताच तिने पदर सावरला आणि तोंड वळवले. आत चटईवर म्हातारी बसली होती, सुंदराबाई. सत्तरी ओलांडलेली, गुडघे नारळाएवढे सुजलेले.

"पहाटेपास्नं नेसून बसल्या होत्या," राधाबाई भिंतीशी बोलावे तशी बोलली. "आठला सगळी चाळ निघाली. पोरं म्हणाली, आजी, आम्ही उचलून नेतो. नाय म्हणाल्या. माझा बुधाजी येतोय."

"राधा, राहू दे ना," बुधाजी आतून म्हणाला.

"साडेतीनला आले हे, परळपास्नं धावत. पाठीवर घेऊन गेले. दादरला पोचेस्तोवर अंधार. वाळूपर्यंतसुद्धा कोणी जाऊ देईना. धूर बघून आल्या."

मी माफी मागायला गेलो होतो. वाटेत वाक्येही जुळवली होती, चांगली वाक्ये. सुंदराबाईंनी चटई झटकून मला जागा केली आणि विचारले, "बायकोचा डोळा कसा हाय?"

"सत्तावीसला कळेल."

"व्हईल बरा. माझ्या पोरानं नेलीया तिला."

त्यानंतर ती वाक्ये काही उपयोगाची नव्हती. चहा प्यालो. म्हातारी म्हणाली, त्या जागेवर एकदा जाऊन बसायचंय, पण बसची पायरी चढत नाही आणि पोराच्या पाठीवर पुन्हा नाही बसणार, आठ दिवस कंबर धरून होता.

गुरुवार, २७ डिसेंबर

पट्टी निघाली. काळ्या पत्र्याला बारीक भोके पाडून केलेला चष्मा तिला लावला आणि समोर पाहायला सांगितले.

"समोर घड्याळ आहे," सुमती म्हणाली. "आणि ते बंद आहे."

डॉक्टरांच्या सहकाऱ्याने वळून पाहिले. खरेच बंद होते. दादा बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ आत आला नाही.

रविवार, ३० डिसेंबर

सकाळी साडेसहाला, चाके थंड असताना, हवा मोजली. सुंदराबाई सुमतीपेक्षा बऱ्याच हलक्या, म्हणून मागे दोन पौंड आणखी उतरवले. चारी चाके दोनदा तपासली. एका चाकाला अर्धा पौंड जास्त निघाला, तोही काढला.

आठला वरळीला चाळीखाली गाडी उभी केली. बुधाजी म्हणाले, "साहेब, मी चालवतो." मी म्हणालो, "आज नाही. तुम्ही आईपाशी बसा." राधाबाई पुढे बसली आणि दाराची मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवली, हे माझ्या कसबाबद्दल तिचे मत.

दहा मैलांच्या वर गेलो नाही. मागून सायकलवाले ओलांडून जात होते. रूळ तिरके घेतले. एकदा गिअर करकरला, बुधाजींनी मागून फक्त घसा खाकरला.

दादर चौपाटीवर बुधाजींनी आईला उचलून नेले. मी गाडीपाशी थांबलो. तिथे अजून फुले पडत होती, माणसे येत-जात होती. सुंदराबाई वाळूत बसल्या त्या बसल्याच. उन्हे डोक्यावर आली. राधाबाई एकदा येऊन म्हणाली, "तुम्हाला उशीर होतो असंल." मी म्हणालो, मला कुठेही जायचे नाही.

परत वरळीला उतरताना म्हातारीने सीटवर हात फिरवला. "मोटारीत बसलेलं कळलंच नाय बघ," म्हणाली.

घरी आल्यावर चाकांत तीस पौंड भरले. दादा गराजच्या दारात आला. "कुठे होतास सकाळपासून?"

"वरळीला," मी म्हणालो. "एक काम राहिले होते."